चौदा भाग, चौदा महिने: ‘द व्हील ऑफ टाइम’ वाचून संपवल्यावर

गेल्या वर्षीच्या गणपतीत भाच्यानं या इंग्रजी कल्पनारम्य कादंबरीमालेचा पहिला भाग हातात ठेवला. म्हणाला, "मामा, पहिली दोनशे पानं कळ काढ. मग सुटत नाही." यंदाच्या दिवाळीत, स्वयंपाकघरात चकल्यांचं तळण चालू असताना, मी चौदावा भाग संपवला. महिन्याला एक असा हिशोब दिसतो, पण तसं झालेलं नाही. पहिले सहा पाच महिन्यांत उडवले, सात ते दहा या चौघांनी सहा महिने खाल्ले आणि शेवटचे चार तीन महिन्यांत. खरं तर हाच माझा अभिप्राय आहे. तरी सविस्तर लिहितोय, कारण घरातलं भांडण अजून मिटलेलं नाही.

भांडणारे तिघं. भाचा, त्याची आई म्हणजे माझी अक्का (हायस्कूलला इंग्रजी शिकवते) आणि मी, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला. रविवारी संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर मारायची, संध्यामठ दिसतो तिथं कट्ट्यावर बसायचं आणि एकमेकांना मूर्खात काढायचं. चौदा महिने हेच चाललंय. पुढं थोडं कथानक फुटणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी जपून.

आधी मालाची माहिती. लेखक रॉबर्ट जॉर्डन, हे टोपणनाव. खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. पहिला भाग १९९० मध्ये आला, चौदावा २०१३ मध्ये. एकूण सुमारे ४४ लाख शब्द. नाव असलेली पात्रंच दोन हजारांच्या वर. इंग्रजी अवघड नाही, नावं अवघड आहेत. मी रद्द झालेल्या इन्स्पेक्शन रिपोर्टच्या कोऱ्या पाठीवर कोण कुणाचा याची यादी करत गेलो, ती शेवटी अकरा पानांची झाली. मागं शब्दसूची दिलेली असते, तिचा उपयोग होतो.

कल्पना मात्र आपल्याला परकी वाटत नाही. काळ हे चाक, त्याला सात आरे, म्हणजे सात युगं. एक युग जातं, त्याची आठवण राहते, आठवणीची दंतकथा होते, पुढं तीही विसरली जाते आणि फिरून तेच युग येतं. प्रत्येक भागाचं पहिलं प्रकरण याच परिच्छेदानं सुरू होतं. अक्का वाचून म्हणाली, "यात नवं काय? सत्यनारायणाला गुरुजी संकल्प सोडताना हेच म्हणतात की. श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगे." तिचं बरोबर आहे. जादूसुद्धा पाच तत्त्वांची, पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाशाच्या जागी आत्मा.

पण मला हळूहळू एक गंमत दिसली. आपल्याकडं फेऱ्यातून सुटणं हे चांगलं. मोक्ष म्हणजे फेरा संपला. इथं उलट आहे. फेरा कायमचा मोडावा असं खलनायकाच्या बाजूला वाटतं, आणि चाक फिरत राहावं म्हणून नायक मरायला तयार. रँड हा गावाकडचा मेंढपाळ पोरगा, आधीच्या जन्मी स्वतःच्या हातानं सगळं उद्ध्वस्त करून बसलेला. बाराव्या भागाच्या शेवटी तो एका डोंगराच्या शिखरावर उभा राहून विचारतो, की पुन्हा पुन्हा जन्म घेऊन तेच दुःख कशाला भोगायचं? त्याला जे उत्तर मिळतं ते मी इथं लिहीत नाही. मी ते पान कंपनीच्या बसमध्ये वाचलं आणि पंचगंगेचा पूल कधी गेला कळलं नाही. अक्काला ते उत्तर पटलेलं नाही. ती म्हणते, ज्यानं पुढचा जन्म नको म्हणणारी माणसं जवळून पाहिलीत तो असं लिहिणार नाही.

माझ्या मते सगळ्यात भारी चौथा भाग, ‘द शॅडो रायझिंग’. त्यात वाळवंटातले एइल नावाचे लढवय्ये आहेत. भाला चालवतील, पण तलवारीला हात लावणार नाहीत, आणि का ते त्यांच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नाही. रँड काचेच्या खांबांच्या रांगेतून चालत जातो. दर थोड्या पावलांवर तो आपल्याच एका पूर्वजाच्या डोळ्यांनी बघतो, आणि प्रत्येक खेपेला आणखी मागं. आपल्याकडं हेळवी येतो, बैल दारात उभा करतो आणि मूळ पुरुषापासून खाली वंशावळ म्हणत येतो. इथं ती खालून वर जाते. नातवानं एक गोष्ट मोडली ती का, हे आजोबाच्या पिढीत कळतं. आजोबानं काय लपवलं ते पणजोबाच्या. आणि पार तळाला गेल्यावर कळतं, की ह्या भालेवाल्यांच्या पूर्वजांनी कधीच शस्त्र धरायचं नाही अशी शपथ घेतलेली. दोनच प्रकरणं आहेत, पण मी तीनदा वाचली.

लेखक स्वतः व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरवर गनर होता, नंतर भौतिकशास्त्र शिकला, अमेरिकन नौदलासाठी अणु अभियंता म्हणून काम केलं. हे कळल्यावर रँडची एक सवय वेगळी दिसायला लागली. आपल्यापायी मेलेल्या बायकांची नावं तो मनात पाठ म्हणत राहतो, यादी वाढतच जाते. जादूगारांच्या गोष्टीत हे उगाच येत नाही.

आता तक्रारी. नायनिव्ह नावाची बाई राग आला की वेणी ओढते. राग तिला सारखाच येतो. बाकीच्या स्त्रिया हाताची घडी घालतात, नाक मुरडतात, स्कर्टच्या चुण्या सारख्या करतात. अक्का सुरुवातीला पेन्सिलनं खुणा करायची, पाचव्या भागात कंटाळून पेन्सिल ठेवून दिली. तिचा राग यासाठी, की सत्ता बायकांच्या हातात असलेलं इतकं मोठं जग याच माणसानं उभं केलं आणि त्यांना भांडताना एकच लकब दिली.

आणि दहावा भाग, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’, २००३. नवव्याच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते. दहाव्यात कितीतरी पानं त्याच दिवशी बाकीची मंडळी कुठं काय करत होती एवढंच. मी जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून हा भाग मागवला होता. रंकाळ्यावर भाचा एका प्रसंगावरून वाद घालायला लागला, मी म्हटलं असं काही नाहीच त्यात. घरी येऊन पानं बघितली, तर मधली ३२ पानं गायब. बाइंडिंगलाच एक फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा जुडगा) राहून गेलेला. कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे आत वायूची पोकळी, असेल तर मशीनिंगला कळतं. मी सबंध पुस्तक वाचून संपवलं होतं आणि मला पत्ता नाही! विक्रेत्यानं दाद दिली नाही. पानं भाच्याच्या मोबाइलवर वाचून काढली. काही अडलं नव्हतं.

अकरावा, ‘नाइफ ऑफ ड्रीम्स’, परत धावतो. तो २००५ चा, आणि जॉर्डननं स्वतः पूर्ण केलेला मालिकेतला शेवटचा. हृदयाच्या अमायलॉइडोसिसनं १६ सप्टेंबर २००७ ला ते गेले. त्याआधी त्यांनी पुढची कथा टिपणं करून, सांगून ठेवली होती. त्यांची पत्नी हॅरिएट मॅकडूगल हीच त्यांची संपादक. तिनं ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाला निवडलं, तेही त्यानं जॉर्डनवर लिहिलेला श्रद्धांजलीचा लेख वाचून. एका पुस्तकात संपवायचं ते तीन झाली.

इथं आमची खरी फाळणी. भाचा म्हणतो, सँडरसन नसता तर गाडी दलदलीतच रुतली असती. अक्का म्हणते, वेग आला पण भाषा सपाट झाली, आणि मॅट हा जुगारी पोरगा बाराव्या भागात भलतेच विनोद करायला लागला. मॅटचं मलाही पटतं. पण एग्वेन या रँडच्या गावच्या पोरीचा त्याच भागातला झगडा, एकही वार न करता आतून किल्ला घेणं, फार छान उतरलाय. चौदाव्यात एकाच लढाईचं प्रकरण दोनशेच्या घरात पानं घेतं. ते मी रात्रपाळीला सुरू करायची चूक केली.

२०२१ ला आलेली वेब मालिका तीन सीझननंतर बंद पडली. मी चार एपिसोड बघून सोडली, त्यावर बोलण्याचा अधिकार नाही.

कुणाला घ्यायचं असेल तर पहिले तीन घ्या, चौथ्यापर्यंत टिकलात तर बाकीचे आपोआप येतील. आठवा आणि नववा कुणाकडून तरी मागून वाचा. दहावा हवा असेल तर माझा घेऊन जा, ३२ पानं कमी आहेत.