पाचवा डिफेन्सिव्ह बॅक कोण? कॉलेज फुटबॉलच्या बचावावरील एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

अमेरिकी कॉलेज फुटबॉल पाहणाऱ्या बहुतेकांची नजर चेंडूमागे धावते, आणि माझीही कित्येक हंगाम तशीच धावत होती. समालोचकाने ‘निकल’ (पाच डिफेन्सिव्ह बॅकची रचना) किंवा ‘४-२-५’ (पुढे चार लाइनमन, त्यामागे दोन लाइनबॅकर आणि मागे मुख्यतः पास अडवणारे पाच डिफेन्सिव्ह बॅक) असे काही म्हटले की मीही मान डोलवत असे. पण स्नॅपपूर्वीच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्यापूर्वीच्या, त्या वीस-पंचवीस सेकंदांत बचावाच्या बाजूने नेमके काय ठरले आणि ते तसेच का ठरले, असे कोणी विचारले असते तर मला धड उत्तर देता आले नसते. ही उणीव भरून काढावी म्हणून, कॉलेज संघांचा बचाव अनेक वर्षे सांभाळून निवृत्त झालेल्या एका प्रशिक्षकांचा बारा भागांचा सशुल्क ऑनलाइन अभ्यासक्रम मी घेतला आणि गेल्या दोन महिन्यांत पूर्ण केला. समोरच्या आक्रमणाविरुद्ध कोणते अकरा खेळाडू उतरवायचे आणि त्यांना मैदानावर कोठे उभे करायचे, एवढाच त्याचा विषय आहे, आणि तो सोडून हे गृहस्थ फारसे कोठे भरकटत नाहीत.

नमनाला घडाभर तेल न जाळता पहिला भाग थेट आक्रमणाच्या खेळाडूंपासून सुरू होतो, हे मला विशेष आवडले. बचाव शिकवणाऱ्या बहुतेक व्हिडिओंत आधी ४-३ आणि ३-४ यांच्या आकृत्या येतात. येथे मात्र पहिली पंचवीस मिनिटे बचावाचा एकही खेळाडू फळ्यावर दिसत नाही. आक्रमणाचा गट दोन अंकांनी ओळखायचा, त्यातला पहिला अंक चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकचा आणि दुसरा लाइनच्या टोकाशी राहून अडवणाऱ्या व पासही झेलणाऱ्या टाइट एंडचा, आणि पास फेकणारा क्वार्टरबॅक व पाच लाइनमन वगळता राहिलेल्या पाचांतून उरतील ते पास झेलणारे वाइड रिसीव्हर, हा साधा हिशेब ते आधी पक्का करून घेतात. म्हणजे ‘११’ या गटात एक रनिंग बॅक, एक टाइट एंड आणि तीन रिसीव्हर असतात, ‘१२’ मध्ये टाइट एंड दोन होतात, ‘१०’ मध्ये एकही नसतो आणि चार रिसीव्हर मैदानभर पसरतात, तर ‘२१’ मध्ये दोन रनिंग बॅक मागे उभे राहतात. हे अंक मला ऐकून माहीत होते. पण डाउन, म्हणजे चेंडू पुढे नेण्याचा एक प्रयत्न, संपताच क्वार्टरबॅककडे न पाहता मैदानाच्या कडेला पाहायचे, कोण आत धावत आला आणि कोण बाहेर गेला हे मोजायचे, ही सवय मात्र या भागाने लावली.

प्रत्येक भागाच्या शेवटी सराव आहे, आणि या सेवेचा खरा जीव त्यातच आहे. एखाद्या जुन्या सामन्याची चित्रफीत आक्रमणाचे खेळाडू जागा घेत असताना थांबते, पडद्यावर डाउन, अंतर आणि चेंडूची जागा दिसते, आणि आपल्याला आठ सेकंदांत बचावाचा गट निवडायचा असतो. तिसऱ्या भागातली माझी एक चूक येथे सांगण्यासारखी आहे. थर्ड डाउन, ४ यार्ड बाकी, चेंडू डाव्या हॅशवर (मैदानावरील खुणांच्या दोन रांगांपैकी डावीवर) आणि समोर ११ चा गट. तिसरा डाउन दिसताच पास येणार असे गृहीत धरून मी डाइम निवडला, म्हणजे एक लाइनबॅकर बाहेर काढून सहावा डिफेन्सिव्ह बॅक आत आणला. चित्रफीत पुढे सरकली, टाइट एंड टॅकल या टोकाच्या लाइनमनच्या शेजारी बसला, क्वार्टरबॅकने चेंडू रनिंग बॅकच्या पोटात धरला, माझा हलका डिफेन्सिव्ह बॅक क्षणभर मागे सरकला आणि रनिंग बॅक त्याच मोकळ्या जागेतून सहज पुढे निघून गेला. त्यानंतर प्रशिक्षकांनी चित्र थांबवून आक्रमणाच्या गार्ड या लाइनमनभोवती वर्तुळ काढले. तो स्नॅपच्या रेषेपलीकडे अडीच यार्डांवर उभा होता आणि तरीही नियमात होता, कारण पास फेकण्यापूर्वी आक्रमणाच्या लाइनमनला व्यावसायिक एनएफएलमध्ये १ यार्ड पुढे जाता येते, तर कॉलेजमध्ये ३ यार्ड. धाव आणि पास यांपैकी काय करायचे हे स्नॅपनंतर ठरवणारे डाव, ज्यांना आरपीओ म्हणतात, कॉलेजमध्ये इतके का बोकाळले आणि लाइनमन पुढे सरकला म्हणजे धावच आली असे मानणारा लाइनबॅकर हमखास का फसतो, हे त्या एका वर्तुळाने जितके समजले तितके पानभर मजकुरानेही समजले नसते.

चौथा भाग हॅश मार्कवर आहे, आणि माझ्या मते संपूर्ण अभ्यासक्रमात तो सर्वांत सरस आहे. मैदानाची रुंदी १६० फूट, आणि डाव सुरू होताना चेंडू दोन हॅशच्या मध्ये किंवा हॅशवरच ठेवतात. एनएफएलमध्ये दोन हॅशमधले अंतर जेमतेम साडेअठरा फूट असल्याने चेंडू जवळजवळ मध्यावरच असतो. कॉलेजमध्ये हे अंतर ४० फूट आहे. त्यामुळे चेंडू एका हॅशवर ठेवला की एका बाजूला ६० फूट जागा उरते आणि दुसऱ्या बाजूला १००. हा फरक आकड्यांत वाचताना किरकोळ वाटतो. परंतु प्रशिक्षक एकच फॉर्मेशन आधी मध्यावर, मग हॅशवर काढून दाखवतात, तेव्हा विस्तीर्ण बाजूच्या सेफ्टीला (सर्वांत मागच्या डिफेन्सिव्ह बॅकला) किती धावावे लागणार हे डोळ्यांना जाणवते. अनेक कॉलेज संघ आपले कॉर्नरबॅक (कडेचे डिफेन्सिव्ह बॅक) डावा-उजवा असे न ठरवता विस्तीर्ण बाजूचा आणि अरुंद बाजूचा असे ठरवतात, याचे कारण हेच. विस्तीर्ण बाजूच्या खेळाडूकडे वेग आणि पल्ला हवा. अरुंद बाजूच्या खेळाडूला सीमारेषेची मदत मिळते. मात्र धाव अडवण्यासाठी तो लवकर पुढे येणारा आणि धावणाऱ्याला पकडून पाडायला न कचरणारा हवा. बचावाची ताकद आक्रमणाच्या रचनेकडे झुकवायची की मोकळ्या जागेकडे, हा प्रश्न एनएफएलच्या प्रशिक्षकाला फारसा छळत नसेल, पण कॉलेजच्या प्रशिक्षकाला तो जवळजवळ प्रत्येक डाउनला सोडवावा लागतो, आणि आक्रमणाने तीन रिसीव्हर मुद्दाम अरुंद बाजूला उभे केले म्हणजे त्याची खरी परीक्षा होते. हा भाग मी दोनदा पाहिला.

पाचव्या ते सातव्या भागांत चर्चा पाचव्या डिफेन्सिव्ह बॅकवर येते. फॉर्मेशनचे नाव काय आहे यापेक्षा तो पाचवा माणूस कोणत्या घडणीचा आहे यावरच बचावाचे स्वरूप ठरते, असे प्रशिक्षकांचे म्हणणे आहे, आणि तीन उदाहरणांच्या जोरावर ते त्यांनी मला पटवून दिले. पहिले उदाहरण प्रशिक्षक गॅरी पॅटरसन यांच्या टीसीयूचे (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचे). त्यांनी ४-२-५ हीच आपली मूळ रचना ठेवली होती आणि त्यांचा पाचवा माणूस म्हणजे तिसरा सेफ्टी होता. १ जानेवारी २०११ च्या रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात विस्कॉन्सिनच्या धिप्पाड लाइनपुढे हा हलका बचाव चेपला जाईल असे वाटणे स्वाभाविक होते. तरीही सामना २१-१९ असा टीसीयूने जिंकला, आणि बरोबरी साधण्यासाठी विस्कॉन्सिनने केलेला दोन गुणांचा प्रयत्न टँक कार्डर या लाइनबॅकरने पास हाताने खाली पाडून उधळला. रचनेत लाइनबॅकर दोनच ठेवायचे असतील तर ते दोघे काय योग्यतेचे हवेत, हे त्या एका क्षणात दिसते.

दुसरे उदाहरण आयोवा स्टेटचे. बचाव समन्वयक जॉन हीकॉक यांनी २०१७ च्या हंगामात पुढे तीन लाइनमन, त्यामागे तीन लाइनबॅकर आणि दोन कॉर्नरबॅकशिवाय सर्वांत मागे तीन सेफ्टी अशी रचना वापरात आणली. त्यातला मधला सेफ्टी धावेसाठी पुढे येणार की पाससाठी मागे राहणार, हे स्नॅपपर्यंत क्वार्टरबॅकला ओळखता येत नाही. शिवाय केवळ तिघांनी क्वार्टरबॅकवर चाल करायची आणि आठांनी मागची जागा व्यापायची, ही मुभाही बचावाला मिळते. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला नॉर्मन येथे आयोवा स्टेटने तिसऱ्या क्रमांकावरील ओक्लाहोमाला ३८-३१ असे हरवले. ३१ गुण देणाऱ्या बचावाचे कौतुक कसले, असे कोणी म्हणेल. परंतु क्वार्टरबॅक बेकर मेफिल्डच्या आक्रमणापुढे तेवढ्यावर थांबणे हीदेखील कमाई होती. त्या संघात जोएल लॅनिंग हा खेळाडू पूर्वीचा क्वार्टरबॅक असून लाइनबॅकर म्हणून खेळत होता, हा तपशील प्रशिक्षक सहज सांगून जातात. मला मात्र तो विषयाच्या गाभ्याशी असलेला वाटला.

तिसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. मुख्य प्रशिक्षक मार्क डँटोनियो आणि बचाव समन्वयक पॅट नार्डुझी यांच्या काळातला मिशिगन स्टेट संघ समोर कितीही रिसीव्हर पसरले तरी बहुतांशी आपल्या ४-३ वरच ठाम राहत असे, आणि धावेविरुद्धची जास्तीची माणसे सेफ्टींना पुढे ओढून मिळवत असे. २०१४ च्या रोझ बोलमध्ये स्टॅनफर्डला फोर्थ डाउनवर १ यार्ड हवा असताना या बचावाने फुलबॅकला जागीच रोखले आणि सामना २४-२० असा जिंकला. त्या डाउनला रेषेवरून झेप घेणारा कायलर एल्सवर्थ हा नेहमीचा मिडल लाइनबॅकर नव्हता. निलंबित मॅक्स बुलोच्या जागी तो खेळत होता. खेळाडू सतत न बदलता एकच रचना खोलवर घोटली की बदली खेळाडूही त्यात सहज बसतो, हा प्रशिक्षकांचा निष्कर्ष मला थोडा सोयीस्कर वाटतो. एका डाउनवरून एवढे सिद्ध होत नाही.

लाइनमनच्या जागांवरील आठवा आणि नववा भाग ठीक आहेत. आक्रमणाच्या लाइनमनमधल्या ए ते डी या फटी, बचावाचा लाइनमन कोठे उभा राहतो ते सांगणारे ० पासून ९ पर्यंतचे तंत्र क्रमांक, आणि मध्ये नोज टॅकल ठेवून दोन्ही बाजूंच्या लाइनमनना आक्रमणाच्या टॅकलच्या आतल्या खांद्यावर उभे करणारी ‘टाइट’ फ्रंट हे सर्व व्यवस्थित येते, पण हा मजकूर इतरत्रही सहज मिळतो. दहाव्या भागातले कव्हरेजचे, म्हणजे पास अडवण्याच्या जबाबदाऱ्यांचे, विवेचन घाईत उरकले आहे.

आता तक्रारी. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार क्रमाबद्दल आहे. खेळाडू बदलायला वेळ मिळतो की नाही, हा प्रश्न गट निवडण्याच्या आधी येतो, कारण वेळच नसेल तर निवड कसली? आक्रमणाने खेळाडू बदलले तर बचावालाही बदलण्याची संधी पंचांनी द्यायची असते आणि तोवर ते चेंडूजवळ उभे राहून स्नॅप रोखतात. आक्रमणाने कोणालाच बदलले नाही तर अशी सवलत नाही. म्हणूनच वेगवान संघ तेच अकरा खेळाडू ठेवून झपाट्याने पुढचा डाव सुरू करतात आणि दमलेला नोज टॅकल मैदानातच अडकून पडतो. २००८ मध्ये ४० सेकंदांचे घड्याळ आल्यापासून या वेगाला अधिकच वाव मिळाला, आणि २०१४ मध्ये पहिली दहा सेकंदे स्नॅपला बंदी घालण्याचा प्रस्तावही येऊन मागे पडला. हे सगळे अभ्यासक्रमात आहे, पण अकराव्या भागात! तोपर्यंत विद्यार्थी दहा भाग एका काल्पनिक निवांत जगात बचाव निवडत बसतो. त्यातच हे चित्रीकरण जुने आहे. २०२४ पासून वरच्या विभागात बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोहोचवता येतो, आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. येथे मात्र अजून चित्रफलक आणि हातवारे यांवरच अर्धा तास खर्च होतो. पैसे घेऊन शिकवणाऱ्याने एवढी दुरुस्ती करायला हवी होती.

दुसरी तक्रार दृष्टिकोनाची आहे. उदाहरणे देताना प्रशिक्षक पुन्हा पुन्हा २०२१ च्या जॉर्जियाकडे वळतात. त्या विजेत्या बचावातले पाच खेळाडू पुढच्या वर्षी एनएफएल संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टच्या पहिल्याच फेरीत निवडले गेले. जॉर्डन डेव्हिस या लाइनमनसारखा पहाड मधोमध असला की इतर कोणालाही कोठेही उभे करता येते. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? त्या काळी वरच्या विभागातील संघाला ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, त्याखालच्या एफसीएस या विभागात ती ६३ होती, आणि तिसऱ्या विभागात तर क्रीडा शिष्यवृत्ती नसतेच. सहावा चांगला डिफेन्सिव्ह बॅक ज्याच्याकडे नाही त्याने डाइमऐवजी काय करावे, यावर बारा भागांत मिळून दहा मिनिटेही नाहीत. आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स या लष्करी अकादमींच्या संघांच्या ऑप्शन पद्धतीवरही (चेंडू कोणी न्यायचा हे क्वार्टरबॅक डाव चालू असताना ठरवतो ती) असाच अन्याय झाला आहे. तेथे आतली धाव कोणी धरायची, क्वार्टरबॅक कोणी आणि बाहेर फेकलेला चेंडू कोणी, हे माणसागणिक वाटून द्यावे लागते आणि निकलमधला पाचवा डिफेन्सिव्ह बॅक बहुधा बाकावर बसतो. या विषयाला स्वतंत्र भाग मिळायला हवा होता.

सेवेच्या बाजूने फळ्यावरची आकृती थांबवून खेळाडू स्वतः हलवून पाहण्याची सोय उत्तम आहे; मोबाइलवर मात्र बोट जाड पडते, त्यामुळे मोठा पडदा घ्यावा. इंग्रजी सबटायटल्स यंत्राने केलेली आहेत आणि ‘विल’ या लाइनबॅकरचे तेथे दर वेळी क्रियापद होते; ‘माइक’ हा मधला लाइनबॅकर तर अधूनमधून ध्वनिक्षेपक होऊन बसतो. सबटायटल्स बंद करून आवाजावर भिस्त ठेवली की त्रास संपतो.

खेळाचे मूलभूत नियम ज्यांना माहीत नाहीत त्यांनी हा अभ्यासक्रम घेऊ नये, त्यांना तो पहिल्या दहा मिनिटांतच जड जाईल. एखादा हंगाम नीट पाहिलेल्यांनी जरूर घ्यावा, पण दिलेल्या क्रमाने पाहू नये: पहिल्या भागानंतर थेट अकरावा पाहावा, मग दुसऱ्याकडे परतावे, दहावा सोडला तरी चालेल, आणि सरावाची चित्रफीत थांबली की डाउनचा आकडा वाचण्याआधी टाइट एंड कोठे बसतो आहे ते पाहावे.