टेक्सटाईल डिझाइनचा ‘डिप्लोमा’ आणि आमचे ८५ हजार

इन्स्टिट्यूटच्या रिसेप्शनमध्ये एक छोटा टेबल-लूम, म्हणजे टेबलावरचा हातमाग, ठेवलेला होता. त्यावर लाल-पिवळी, वीतभर विणलेली पट्टी. पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्यावरच भुलले. सात महिन्यांनी भांडून बाहेर पडले तेव्हाही पट्टी वीतभरच होती. दर आठवड्याला कुणाला तरी त्या मागापुढे बसवून, हातात आडवा धागा ओवायचा धोटा देऊन फोटो काढत. माझाही काढलाय. त्या फोटोत मी मोठी विणकर दिसते.

मी इंदूरला सुदामा नगरात राहते. पंधरा वर्षं घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. दुसऱ्याच्या कापडावर टाके घालण्यापेक्षा कापडच आपलं असावं, हे डोक्यात बरेच दिवस होतं. महेश्वर इथून शंभर किलोमीटरच्या आत, बाघची छपाई धार जिल्ह्यात, भैरवगढची बाटिक उज्जैनला. एवढं सगळं उंबऱ्याशी असताना आपण पिकोच करत बसायचं का? मुलगी बारावीला गेल्यावर मनाचा हिय्या केला आणि भंवरकुआजवळच्या एका ‘इन्स्टिट्यूट’मध्ये चौकशीला गेले. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

काउन्सेलर हिंदीत बोलत होती. फॉर्मवर माझं आडनाव पाहिलं आणि एकदम, “अय्या ताई, तुम्ही तर आपल्याच!” इंदुरात हे हमखास लागू पडतं. आपलं घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. परक्या ऑफिसात कुणी ‘ताई, चहा घेता ना’ म्हटलं की निम्मी सावधगिरी तिथेच गळून पडते. तिनं आमच्या कॉलनीतला गणपतीही काढला. मग म्हणाली, “दोनच सीट उरल्यात, पण तुमच्यासाठी सरांशी बोलते.” सर आतच बसले होते. बॅचमध्ये आम्ही नऊजणी होतो आणि खुर्च्या तीस.

एक वर्षाचा कोर्स, फी ८५ हजार. कोर्स सरकारी स्कीममधला, नोकरी शंभर टक्के. इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. केंद्राच्या कौशल्य योजनेत किंवा वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ’ योजनेत शिकणाऱ्याकडून फी घेतच नाहीत, हजेरीसुद्धा आधारशी पडताळून लागते. सरकारी स्कीम म्हणायचं आणि ८५ हजारही मागायचे, हे दोन्ही एका तोंडानं जमत नाही. पण हे मला नंतर कळलं.

४० हजार अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी दिले. ते मिलमध्ये वीविंग म्हणजे विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. मिल बंद पडली, अडकलेले पैसे इतक्या वर्षांनी हातात आले, त्यातलेच हे. उरलेले ४५ हजार ‘सोप्या हप्त्यांनी’. हप्ते म्हणजे दर महिन्याला संस्थेत भरायचे पैसे, असं मी समजत होते. ह्यांच्या मोबाईलवर आधारचा ओटीपी आला, ह्यांनी तो सांगितला, आणि एका फायनान्स कंपनीचं कर्ज ह्यांच्या नावावर चढलं. संस्थेला ४५ हजार एकरकमी मिळून गेले. आता मी वर्गात जावो न जावो, शिकवोत न शिकवोत, हप्ता दर पाच तारखेला खात्यातून जातो. थांबवला तर ह्यांचा सिबिल, म्हणजे कर्जाच्या पतीचा स्कोअर, बिघडतो. सगळ्या फसवणुकीत हा भाग मला सर्वात हुशारीचा वाटतो.

शिकवायला एक पोरगा होता, स्वभावानं चांगला. तो फोटोशॉप शिकवायचा. इंटरनेटवरचं फूल उचला, रंग बदला, चार ठिकाणी चिकटवा, झालं ‘कलेक्शन’. रंगाईचं प्रॅक्टिकल एकदाच झालं: बादलीत गरम पाणी, पुडीतला रंग आणि मूठभर मीठ. दुपट्टा सुरेख निघाला. घरी पहिल्या धुण्यात त्यानं ह्यांचे दोन बनियन गुलाबी केले. पुडी रिॲक्टिव्ह रंगाची होती. तो सुती धाग्यात पक्का बसायला सोडा ॲश लागतो, मिठानं नुसता धाग्याकडे ओढला जातो. वर्गात सोड्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

महेश्वरच्या सहलीचे वेगळे २,२०० घेतले. घाट, किल्ला, नावेत बसणं, मग एका दुकानात दोन तास. मागावर माणूस बसलेला आम्ही दहा मिनिटं पाहिला. मी दुकानातून ‘प्युअर’ साडी आणली. अप्पांनी पदराच्या कडेचा उभा धागा ओढला आणि काडी लावली. धागा आक्रसला आणि टोकाला कडक काळा मणी झाला. “महेश्वरीत ताना, म्हणजे उभा धागा, रेशमाचा असतो. रेशीम जळलं तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते,” ते म्हणाले. “हे पॉलिस्टर आहे, सूनबाई.”

त्याच रात्री त्यांनी माझं ‘फायनल प्रोजेक्ट’चं कापड मागून घेतलं. ट्रंकेतून पितळेची घडीची पीक ग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, काढली, कापडावर ठेवली आणि सुईच्या टोकानं धागे मोजत बसले. “इंचात उभे ५६, आडवे ५२. हे विणलंस?”

“नाही अप्पा, छापलंय.”

“मग कापड कुठलं? सूत किती नंबरचं?”

मला सांगता येईना. ऐंशीच्या घरातला माणूस. चष्म्यातून भिंगात पाहत त्यानं पाच मिनिटांत जे विचारलं, ते सात महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं. ते रागावले नाहीत. भिंग पुसून परत ट्रंकेत ठेवलं.

तरी मी नाद सोडला नव्हता. ‘प्लेसमेंट’ म्हणून सांवेर रोडच्या एका छपाई कारखान्यात पाठवलं. तिथल्या मॅनेजरनं माझी फाईल दोन मिनिटं चाळली आणि विचारलं, “रिपीट किती का है?” म्हणजे नक्षी किती अंतरावर पुन्हा सुरू होते. मी अंदाजानं ३० सेंटीमीटर म्हणाले. त्यानं खाली नेऊन मशीन दाखवलं. रोटरी स्क्रीनचा, म्हणजे कापडावर फिरत छापणाऱ्या नळकांड्याचा, घेर ६४ सेंटीमीटर. रिपीट ६४ ला पूर्ण भाग जाईल असाच हवा: ३२, १६ असा. ३० चा घेतला तर स्क्रीनच्या सांध्यावर फूल अर्धं कापलं जाईल. वर एकेका रंगाला वेगळी स्क्रीन, आणि माझ्या त्या फुलात किती रंग आहेत ते मलाच माहीत नव्हतं. भल्या माणसानं पाणी पाजलं, म्हणाला, “मॅडम, उन्होंने आपको ये नहीं बताया?”

घरी येऊन नमुना प्रमाणपत्र नीट पाहिलं. तिरंगी पट्टी, ‘आयएसओ ९००१’, ‘एमएसएमई नोंदणीकृत’. आयएसओ म्हणजे संस्थेच्या कारभाराची पद्धत तपासल्याचा कागद, अभ्यासक्रमाची मान्यता नव्हे. एमएसएमईची उद्यम नोंदणी तर माझ्या पिकोच्या कामाचीही होते, फुकट. मान्य कोर्स एनसीव्हीईटीच्या, म्हणजे कौशल्यशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या परिषदेच्या, राष्ट्रीय रजिस्टरमध्ये कोड आणि लेव्हलसकट सापडतो. हा सापडला नाही. संस्थेत तोच कोड विचारला तर काउन्सेलर ताईंचं मराठी संपलं, हिंदी सुरू झालं.

पैसे मागितले. पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘शुल्क परत मिळणार नाही’, आणि पुढे संस्थेचं नावच नाही, कुठल्याशा एंटरप्रायझेसची ‘सेवा शुल्क’ पावती. ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. वकिलांनी एक मेख सांगितली: राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या २०२० च्या निकालानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षणसंस्थाही ग्राहक कायद्याखाली येत नाहीत, कोचिंग सेंटर मात्र येतात. म्हणजे हे लोक स्वतःला काय म्हणवतात यावर सगळं. पाटीवर ‘इन्स्टिट्यूट’, जाहिरातीत ‘कोचिंग’, पावतीवर ‘सेवा’. आम्ही तिन्हींचे कागद जोडून जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येतं.

हप्ते अजून सहा राहिलेत. मागच्या आठवड्यात भाचीनं एक रील पाठवली, “मावशी, हे तुमचंच ना?” पाटी नवी, नाव नवं, जागा गीता भवनकडची. रिसेप्शनमध्ये तोच टेबल-लूम, त्यावर लाल-पिवळी पट्टी, वीतभर. स्क्रीनशॉट काढून फाईलला लावलाय.