रेशमी चौकोनी स्कार्फ, काही महिन्यांच्या वापरानंतर: कापड टिकलं, कड उसवली

९० × ९० सेंमी, ट्विल (तिरक्या रेघांच्या) विणीचा, १६ मॉमीचा (मॉमी हे रेशमी कापडाच्या वजनाचं माप) छापील रेशमी स्कार्फ. ऑनलाइन घेतला होता आणि जाहिरातीत ‘हँड रोल्ड एज’, म्हणजे हाताने गोल वळून शिवलेली कड, असं ठळक लिहिलं होतं. आता एका कोपऱ्यापासून बोटभर कड उसवली आहे. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘ही वापरातली झीज आहे, बदलून मिळणार नाही.’ म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी कापडाबद्दल, कारण त्यात खोट नाही. १ मॉमी म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४.३४ ग्रॅम. त्या हिशेबाने या मापाचा १६ मॉमीचा स्कार्फ ५६ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तेवढाच भरतो. १४ मॉमीचा असता तर ४९ भरला असता. वजनाचा दावा असा घरी एका मिनिटात तपासता येतो. उसवलेल्या कडेतून कापडाचा एक धागा काढून जाळला. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चिमटीत चुरली, म्हणजे रेशीमच. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी झाला असता. सिल्क मार्कचं लेबल होतंच, पण ते रेशीम शुद्ध असल्याची खात्री देतं. शिलाईबद्दल ते काही सांगत नाही.

आता मूळ मुद्दा, कड. चारही बाजू मिळून ३६० सेंमी. खऱ्या हातशिलाईत कापडाची कड ओलसर बोटांनी गोल वळतात. सुई खालच्या कापडाचे एक-दोन धागे उचलते, मग वळणाच्या आतून ४-५ मिमी पुढे जाते. टाके जवळजवळ दिसत नाहीत आणि कड गोल, भरीव राहते. पॅरिसच्या एर्मेस या फॅशन कंपनीने १९३७ मध्ये आपला पहिला ९० सेंमीचा ‘कारे’, म्हणजे चौकोनी रेशमी स्कार्फ, काढला. त्यांचे स्कार्फ आजही हातानेच असे वळले जातात, आणि त्यांच्या किमतीत या कामाचा वाटा असतो. माझ्या स्कार्फची कड वळलेली आहे, पण मागून पाहिलं की सलग, सरळ, एकसारखी मशीनची शिवण दिसते. ‘हँड रोल्ड’ म्हणून हे विकणं मला अजिबात मान्य नाही.

उसवण्याचं कारणही त्यातच आहे. गाठ मारताना आपण नेहमी समोरासमोरचे दोन कोपरे ओढतो, म्हणजे ताण उरेब, म्हणजे तिरक्या दिशेने बसतो. त्या दिशेला कापड ताणतं, मशीनची शिवण ताणत नाही. दोरा पॉलिएस्टरचा, रेशमापेक्षा चिवट. तो तुटत नाही, सुईच्या भोकांच्या रांगेवर कापडच फाटतं. कोपऱ्यात घड्या जाड होतात, तिथे मशीन टाके चुकवते. त्यात भर म्हणजे दुमडीत जेमतेम २ मिमी कापड घेतलेलं, त्यामुळे एक टाका सुटला की धागे बाहेर येतात. ही झीज नाही, शिलाईतला दोष आहे.

कुणी सांगेल, साडीसारखं पिको करून घ्या. करू नका. पिकोची दाट झिगझॅग शिवण या पातळ कापडावर कडक होते, कड लाटांसारखी वळते आणि गाठ नीट बसत नाही. हाताने दुरुस्त करायचं तर बाजूच्या मध्यापासून सुरुवात करा, कोपऱ्यातून नाही. शिवण उसवा, सुटलेले धागे धारदार कात्रीने सरळ कापा. १० नंबरची बारीक सुई, रंगाला जुळणारा रेशमी दोरा. ३ मिमी कड वळत पाच-सहा टाके सैल घ्या, मग दोरा हळूच ओढा. वळण आपोआप मिटतं. जोरात ओढलं तर चुण्या पडतात. चारही बाजूंना मिळून आठ-नऊशे टाके होतात, तेव्हा आधी उसवलेली एकच बाजू घ्या. माप अर्धा सेंमी कमी होईल, ते कळत नाही.

मापाबद्दल माझं मत मात्र बदललं. ९० सेंमी आपल्या हवेला फार मोठा, असं सुरुवातीला वाटत होतं. नुसता गळ्यात बांधायचा असेल तर ७० सेंमी पुरतो, उकाड्यात तोच बरा. पण डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली फुली करून मानेमागे गाठ मारायची, १९५०-६० च्या दशकांतली ती पद्धत, तर कर्ण लांब लागतो. ९० च्या स्कार्फचा कर्ण १२७ सेंमी, ७० चा ९९. ९९ मध्ये गाठीला टोकंच उरत नाहीत. स्कूटरवर तोंड झाकायला मात्र दोन्ही निरुपयोगी. रेशीम घसरतं, त्या कामाला दोन मीटरचा सुती स्टोलच हवा.

नव्यात गाठ कडक, उभी राहायची. दोन-तीन धुण्यांनंतर कापड मऊ पडलं आणि आता फार सुंदर बसतं. यासाठी मी कापडाला पूर्ण गुण देतो. धुताना पावडर नको, ती अल्कधर्मी असते आणि रेशीम कमकुवत करते. रिठ्याचं गार पाणी किंवा सौम्य शाम्पू चालतो. आधी ओलं पांढरं कापड कोपऱ्यावर दाबून रंग उतरतो का बघा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत वाळवा. अत्तर स्कार्फ बांधण्याआधी लावा आणि सुकू द्या. मंगळसूत्राच्या आकड्यात धागा अडकला तर तो कापू नका, सुईने मागच्या बाजूला ओढून घ्या.

नवा घेणार असाल तर विक्रेत्याकडून कोपऱ्याचा मागच्या बाजूचा, जवळून काढलेला फोटो मागा. सलग शिवण दिसली तर हातशिलाईचे पैसे देऊ नका. आणि हातशिलाईचा मिळालाच तर इस्त्री उलट्या बाजूने, रेशमाच्या तापमानावर, कडेच्या अलीकडेच थांबवा. गोल कड एकदा चपटी झाली की तिचा भरीवपणा जातो.