महिन्याचा किराणा कुठून भरावा : सुपरमार्केट, वाणी, भुसार बाजार की मोबाइल?

किराण्याचं बिल वाढायला लागलं की घरात पहिला प्रश्न निघतो, 'डी-मार्टला जायचं की नेहमीच्या वाण्याकडेच भरायचं?' मला वाटतं, याचं उत्तर एका दुकानाच्या नावाने देताच येत नाही. साबण, चहा, तेल एका ठिकाणी स्वस्त पडतं, डाळ-तांदूळ दुसरीकडे, लिंबू-कोथिंबीर तिसरीकडेच. म्हणून महिन्याची यादी समोर घ्यायची, तिचे भाग पाडायचे आणि कुठला भाग कुठे न्यायचा ते ठरवायचं. खालची तुलना मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरातल्या चार माणसांच्या घराला धरून केली आहे.

सुपरमार्केट

पाकीटबंद मालाला सुपरमार्केटच बरं, यात मला शंका नाही. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईत निघालं. बरीच दुकानं स्वतःच्या मालकीच्या जागेत असल्यामुळे त्यांना भाड्याचा बोजा कमी. पुरवठादारांचे पैसे ते लवकर चुकते करतात, त्यामुळे मालही सवलतीत मिळतो. तिथे सणाची वाट बघावी लागत नाही, छापील किमतीपेक्षा थोडी कमी किंमत वर्षभर असते. साबण, कपडे धुण्याची पावडर, टूथपेस्ट, चहा, बिस्किटं, तेल हा यादीचा भाग डोळे मिटून तिथे न्यावा. स्मार्ट बाजार किंवा स्टार बाजारमध्ये ठरावीक दिवसांच्या योजना असतात. त्या चांगल्या, पण खरेदी त्या दिवसांच्या तालावर करावी लागते.

आता दुसरी बाजू. याच दुकानांत कपडे, चादरी, प्लास्टिकचे डबे, भांडी असतात आणि त्यांवर दुकानाला किराण्यापेक्षा जास्त नफा सुटतो. तेलाच्या पिशवीवर वाचलेले दहा रुपये नको असलेल्या डब्यात सहज जातात. दर शनिवारी सहकुटुंब फेरी मारणाऱ्या घराला सुपरमार्केट महागच पडतं. महिन्यातून एकदा, जेवून, हातात लिहिलेली यादी घेऊन जाणाऱ्याला ते स्वस्त पडतं. दुकान तेच, पण बिलात मोठा फरक पडतो.

जाण्या-येण्याचा खर्चही धरा. मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २०२५ च्या फेब्रुवारीत २६ रुपये झालं, आणि दोन जड पिशव्या घेऊन परतताना बस-लोकल जमत नाही. समजा ३,००० रुपयांच्या सामानावर सहा टक्के वाचले, म्हणजे १८० रुपये. जाऊन-येऊन १२० रिक्षाला गेले तर हाती ६० उरतात. दुकान चालत जाण्याइतकं जवळ असेल किंवा शेजारच्या दोन घरांबरोबर मिळून जाता येत असेल, तरच लहान घराला हे परवडतं.

पुड्यावरची बारीक अक्षरं

कुठूनही घ्या, पण वजन बघितल्याशिवाय किंमत बघू नका. पूर्वी चहा, बिस्किटं, तेल, पीठ अशा कितीतरी वस्तूंच्या पाकिटांची वजनं नियमाने ठरलेली होती. ते बंधन गेलं, आता कंपनीला वाटेल त्या वजनाचं पाकीट काढता येतं. त्याच्या बदल्यात छापील किमतीशेजारी ग्रामला, किलोला किंवा लिटरला किती पडतं तो एकक दर छापणं बंधनकारक झालं. हा दर वाचायची सवय लागली की अर्धं काम झालं.

तेलाचं उदाहरण घेऊ. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ग्राम भरतं. फळीवर शेजारी-शेजारी दोन पिशव्या आहेत असं धरा, एक लिटरची १४५ रुपयांना आणि ८५० ग्रामची १३८ ला. दिसायला दुसरी सात रुपयांनी स्वस्त. हिशोब केला तर पहिली किलोला १५९ रुपये पडते आणि दुसरी १६२. डब्यात हा फरक आणखी मोठा होतो. १५ लिटरच्या डब्यात सुमारे साडेतेरा किलोच तेल असतं, १५ किलोच्या डब्यात पूर्ण पंधरा. किलोला दीडशे धरले तर दोन डब्यांत दोनशे रुपयांचं अंतर निघतं. डब्यावर 'लि.' आहे की 'कि.ग्रॅ.' हे आधी वाचा, मग भाव विचारा.

एक अडचण मात्र आहे. पाकिटावरचा एकक दर छापील किमतीवर काढलेला असतो. दुकानाची सूट त्यात धरलेली नसते. त्यामुळे 'एकावर एक' किंवा सूट असलेल्या वस्तूला मोबाइलवर भागाकार करावाच लागतो. मोठा पुडा नेहमी स्वस्त असतो हेही खरं नाही. चहा आणि कपड्यांची पावडर यांत मधलं पाकीट योजनेमुळे कितीदा तरी स्वस्त पडतं.

भुसार बाजार

खरी बचत इथे, धान्याच्या घाऊक बाजारात आहे, आणि शहरातली तरुण घरं नेमकी हीच वाट सोडत चालली आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळी, तांदूळ, गहू, पीठ, रवा, पोहे यांवर पाच टक्के जीएसटी आहे. हाच माल सुटा घेतला तर कर नाही. म्हणजे सुपरमार्केटच्या चकचकीत पाकिटातली तूरडाळ तुलनेला उभी राहते तेव्हाच पाच टक्क्यांनी मागे असते. वर पाकिटाचा खर्च वेगळा.

पुण्यात मार्केट यार्डाचा भुसार विभाग, नवी मुंबईत वाशीचं मार्केट, इतर शहरांत जुन्या पेठेतली धान्याची दुकानं. तिथे पोतं घ्यायलाच हवं असं नाही, बरेच दुकानदार पाच-दहा किलोही देतात. वेळ साधा म्हणजे झालं. नवी तूर डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येऊ लागते, त्यानंतर डाळ भरावी. गहू मार्च-एप्रिलनंतर. लोकवन, सिहोर, शरबती यांतला कुठला घ्यायचा ते आधी दोन किलो दळून, पोळ्या करून ठरवा. नवा तांदूळ दिवाळीच्या सुमारास येतो, पण तो चिकट होतो. मोकळा भात आवडत असेल तर जुना कोलमच घ्यावा, दोन-चार रुपये जास्त पडले तरी.

पण साठवण जमली पाहिजे. कडक उन्हात वाळवून, डाळीला एरंडेल चोळून, गव्हात कडुलिंबाचा पाला घालून भरलेला डबा वर्षभर टिकतो. वन-रूम-किचनमध्ये आणि पावसाळी दमट हवेत सोंडे लागायला वेळ लागत नाही, आणि फेकलेलं दहा किलो धान्य सगळी बचत खाऊन टाकतं. जागा नसेल तर वर्षाचा हट्ट सोडून तीन महिन्यांचं भरा. गिरणी जवळ असेल तर गहू घेऊन दळून आणणं तयार आट्यापेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतं, आणि पोळीची चव वेगळीच लागते.

मुंबई-ठाण्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक वाट आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून दुकानाशिवाय घराघरांत सामान पोहोचवते. काही कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, माल एका घरी येतो आणि सभासद तो वाटून घेतात. आज वाटलं, उद्या आणलं असं तिथे चालत नाही. पण आधी लिहून दिलेल्या यादीत उगाचची खरेदी शिरत नाही, म्हणून बचत करणाऱ्याने हा पर्याय नक्की बघावा.

वाणी आणि मोबाइल

कोपऱ्यावरचा वाणी प्रत्येक वस्तूला छापील किंमत लावतो असा समज आहे. महिन्याची पूर्ण यादी त्याच्याकडे दिली आणि सरळ विचारलं तर थोडी सूट तोही देतो, शिवाय माल घरपोच. पन्नास ग्राम खसखस, पाव किलो रवा, सणापुरते चारोळी-वेलदोडे त्याच्याकडूनच घ्यावेत. सुपरमार्केटमध्ये याची मोठी पाकिटं घेऊन उरलेलं वाया जातं. डाळ खराब निघाली तर बदलून मिळते, पगार लांबला तर खात्यावर लिहून मिळतं. या उधारीची किंमत तिची गरज पडलेल्या घरालाच कळते. मात्र काट्यावर वैधमापनाचा, म्हणजे वजनं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का आहे ना, आणि वजनाआधी आकडा शून्यावर आहे ना, एवढं बघत चला.

ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट अशा घरपोच सामान देणाऱ्या मोबाइल अ‍ॅपवर महिन्याचं सामान भरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काही वस्तूंचे भाव खरंच कमी असतात, पण हाताळणी शुल्क, पोहोच शुल्क, छोट्या ऑर्डरचं शुल्क यांपैकी जे लागेल ते शेवटच्या पानावर येतं. दही संपलं म्हणून उघडलं की सोबत चिप्सही येतात. ते पंधरवड्यातून एखाद्या अडचणीला वापरावं.

दोघं नोकरी करणारे आणि जागा कमी, तर महिन्यातून एकदा सुपरमार्केट आणि बाकी वाणी, एवढं पुरे. सहा-सात माणसांच्या घराला धान्य भुसार बाजारातून आणि साबण-तेल सुपरमार्केटमधून हीच विभागणी सगळ्यात फायद्याची. एकट्या ज्येष्ठांनी वाण्याला सोडू नये. त्यांचं सामान थोडं, आणि पिशवी उचलून जिन्यापर्यंत आणणारा माणूस त्यांना जास्त उपयोगाचा. पहिले दोन महिने सगळी बिलं एका पाकिटात ठेवा आणि ज्या दहा वस्तूंवर सर्वांत जास्त पैसे जातात त्यांचेच भाव चारही ठिकाणी विचारा. हळद-मोहरीच्या भावासाठी चार दुकानं फिरायची गरज नाही.