शाळेच्या लायब्ररीत कोहा: दोन वर्षं वापरल्यानंतर

आमच्याकडे साधारण साडेसहा हजार पुस्तकं, सतरा लोखंडी कपाटं आणि एक ग्रंथपाल, म्हणजे मी, तोही अर्धवेळ. तालुक्याच्या गावातली अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी. दोन वर्षांपूर्वी हेडसर म्हणाले लायब्ररी 'डिजिटल' करायचीय, बघा काय काय मिळतं, तेव्हापासून जे जे बघितलं आणि जे शेवटी ठेवलं, म्हणजे कोहा हे लायब्ररीची यादी आणि देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्याबद्दल लिहितोय.

पहिल्यांदा आला तो आरएफआयडीवाला, म्हणजे रेडिओ सिग्नलने ओळखता येणारे टॅग विकणारा. दारात दोन गेट, टेबलावर एक पॅड, प्रत्येक पुस्तकात टॅग, पुस्तक घेऊन कोणी न सांगता बाहेर पडला की गेट वाजणार. कोटेशन बघून क्लार्क भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. डेमोला त्याने टॅग लावलेलं पुस्तक आमच्या कपाटात ठेवलं आणि हातातलं मशीन फिरवलं तर मशीन गप्प. लोखंडाजवळ टॅगचा सिग्नल मार खातो, आणि आमच्याकडे लोखंडाशिवाय दुसरं आहे काय? शिवाय खरं सांगायचं तर आमची पुस्तकं चोरीला जात नाहीत, ती शिक्षकांच्या घरी असतात. तिथे गेट लावता येत नाही.

मग कोहा. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ नावाच्या भागातल्या लायब्ररीसाठी हे बनवलं आणि जानेवारी २००० पासून ते चालू आहे, ओपन सोर्स आहे, लायसन्सचा एक रुपया नाही. मला ते आवडण्याचं कारण मात्र वेगळंय. आमच्याकडे आधी एक विकत घेतलेलं सॉफ्टवेअर होतं, सीडी आणि डाँगलवालं, डाँगल म्हणजे कॉम्प्युटरला खोचायची किल्ली, ती नसेल तर सॉफ्टवेअर चालतच नाही. कंपनीने फोन उचलणं बंद केलं, मग डाँगल खराब झाला, आणि तीन हजार नोंदी आत अडकल्या त्या अडकल्याच. कोहामधनं सगळा डेटा मार्क फाइलमध्ये (लायब्ररीच्या नोंदींचा सगळीकडे चालणारा साचा) बाहेर काढता येतो, उद्या दुसरीकडे जायचं म्हटलं तरी नोंदी आपल्या हातात. एकदा तोंड पोळलंय म्हणून हे आधी बघितलं.

बसवायला विंडोजऐवजी लिनक्स लागतं, त्यातलं डेबियन किंवा उबुंटू. आमचा एक माजी विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत आला होता त्याने ऑफिसमधल्या जुन्या कॉम्प्युटरला रॅम वाढवून त्यावर टाकून दिलं, चहा आणि आईच्या हातच्या चकल्या एवढाच खर्च. असा मुलगा नसेल तर मात्र अडेल, हे आधीच सांगतो. शाळेतल्या शाळेत चालवायला इंटरनेट लागत नाही, राउटर पुरतो. लाइट गेली की जुनी देवघेव वही काढायची, ती मी अजून ठेवलीय.

खरी मेहनत पुस्तकं चढवायची. व्हिडिओत दाखवतात तसं आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख क्रमांक) टाकला आणि झेड३९.५० या लायब्ररी-लायब्ररीतल्या जोडणीवरनं दुसऱ्या लायब्ररीची तयार नोंद उचलली, हे इंग्रजी पुस्तकांना मस्त चालतं, पण आमची निम्मी मराठी पुस्तकं एवढी जुनी की त्यांच्यावर आयएसबीएनच नाही, आणि काहींचं तर मुखपृष्ठच बाइंडरने कुठेतरी टाकून दिलंय. मग दाखल नोंदवही उघडायची आणि टाइप करत बसायचं. अर्धी यादी एक्सेलमध्ये होती म्हणून खूश झालो तर ती जुन्या फाँटमध्ये, युनिकोड नाही, उघडली की नुसतं गिचमीड. कन्व्हर्टर वापरला तर रफार भलतीकडेच बसले. नववीच्या चार मुली मधल्या सुट्टीत बसायच्या, एक वाचायची एक टाइप करायची, त्यांच्यामुळे झालं. एक्सेलचं मार्क करायला मार्कएडिट वापरलं, तेही फुकट.

बारकोड साध्या स्टिकर शीटवर लेझर प्रिंटरने काढले, वरनं पारदर्शक टेप. स्कॅनर दीड-दोन हजारांत मिळतो, यूएसबीला लावला की कीबोर्डसारखा चालतो, वेगळं काही टाकायला लागत नाही. पुस्तक द्यायला आता मुलाचं कार्ड टिक, पुस्तक टिक, झालं. आधी आठवी ब चा लायब्ररीचा तास नुसता रांगेत जायचा.

आता मराठी शोधाबद्दल, कारण हे कुणी सांगत नाही. नुसतं बसवलं आणि देवनागरीत शोधायला गेलं तर काही शब्द सापडतात, काही नाही. इंडेक्सिंग, म्हणजे शोधासाठी शब्दांची सूची, आयसीयूवर (दवाखान्यातलं नव्हे, युनिकोड अक्षरं नीट हाताळणारी सॉफ्टवेअरची सोय) करायला लागतं, सेटिंगच्या फाइलींत बदल करायचा आणि पूर्ण इंडेक्स नव्याने बांधायचा. आम्हाला हे कळायला तीन आठवडे लागले, तोपर्यंत मी कॉम्प्युटरलाच शिव्या देत होतो.

तरी एक दिवस पाचवीतला एक पोरगा येऊन म्हणाला, सर, भुताचं एक पण पुस्तक नाही. मी म्हटलं अरे दोन रांगा आहेत! स्क्रीनवर बघितलं तर त्याने लिहिलं होतं 'भुत', ऱ्हस्व. नोंदीत सगळीकडे 'भूत', दीर्घ. मशीनने प्रामाणिकपणे शून्य दाखवलं. आता पाचवीच्या पोराला आधी शुद्धलेखन सुधार मग भूत देतो असं म्हणायचं का? नोंदीत ६५३ नंबरचं एक मोकळं फील्ड असतं, त्यात आपल्याला हवे ते शब्द टाकता येतात. मी त्यात पोरांचे शब्द भरायला घेतले, भुत, घोस्ट, हॉरर, किल्ला, किल्ले, गड, क्रिकेट, सचिन. तास न् तास गेले, पण माझ्या मते दोन वर्षांत केलेलं सगळ्यात कामाचं काम हेच.

मे महिन्यातली पडताळणी पूर्वी पंधरा दिवस चालायची, यंदा चार दिवसांत संपली. कपाटागणिक बारकोड स्कॅन करून फाइल चढवली की काय गायब आहे त्याची यादी हातात. मुदत संपलेल्यांचीही यादी काढली आणि मोठ्या उत्साहाने स्टाफरूममध्ये लावली. पहिलं नाव माझंच. तीन पुस्तकं, चौदा महिने.

कोहाच्या जोडीला दोन गोष्टी घेतल्या. एक स्टोरीवीव्हर, मुलांच्या गोष्टींची वेबसाइट, प्रथम बुक्सचं, २०१५ पासून आहे, मराठीत भरपूर गोष्टी, चार पातळ्यांत लावलेल्या, आणि लायसन्स खुलं असल्यामुळे डाउनलोड करून छापल्या तरी चालतात. आम्ही स्मार्ट टीव्हीवर लावतो, पाचवीचा वर्ग एका सुरात वाचतो, शेजारच्या वर्गाची तक्रार येते. दुसरं गूगलचं रीड अलाँग ॲप, फोनवर मूल मोठ्याने वाचतं आणि त्यातली दिया नावाची बोलकी मदतनीस ऐकून चुकलेला शब्द दाखवते. वाचताना अडखळणाऱ्या दोघा-तिघांना फार उपयोग झाला, मास्तरांसमोर लाजतात ती दियासमोर लाजत नाहीत. पण एका खोलीत तीन फोन चालू केले की बिचारीला कोण काय वाचतंय कळत नाही, कोपरे वेगवेगळे द्यावे लागतात.

कोहाला पाचपैकी चार. एक कापला तो मांडणीसाठी, एवढी बटणं आणि एवढ्या सेटिंग आहेत की निम्म्याला मी अजून हात लावलेला नाही. दंड मोजायची सोय आहे ती बंद ठेवलीय, दोन रुपयांसाठी पोरगं लायब्ररीत यायचं थांबतं.

शोधायच्या कॉम्प्युटरशेजारी एक शंभर पानी वही दोऱ्याने बांधलीय, जे सापडलं नाही ते पोरांनी त्यात लिहायचं. त्यावरनं मी एकतर ६५३ मध्ये शब्द वाढवतो नाहीतर खरेदीच्या यादीत टाकतो. या आठवड्यात आलंय: ड्रोन कसा बनवायचा, कबड्डी, साप (फोटोवाला), आणि कुणीतरी मोठ्या अक्षरात, फ्री फायर.