तिशीनंतर नर्सिंग : जीएनएम की बी.एस्सी.?

सगळ्यात आधी वय बघा. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी ही पदविका) आणि बी.एस्सी. नर्सिंग (पदवी) या दोन्हींना प्रवेशासाठी कमाल वयोमर्यादा ३५ वर्षं आहे. बँकेत, शाळेत, दुकानात किंवा घर सांभाळण्यात आठ-दहा वर्षं गेली आणि आता नर्सिंगकडे वळायचं आहे, तर बाकी सगळे हिशेब या आकड्यानंतर. तिसाव्या वर्षी विचार करायला सवड असते. चौतिसाव्या वर्षी जेमतेम एखादी प्रवेशफेरी हातात उरते, आणि "यंदा बी.एस्सी.ची सीईटी देऊन बघू, नाहीतर पुढच्या वर्षी जीएनएम" हा बेत तेव्हा कामाचा नसतो.

दुसरी गोष्ट, आधीच्या पदवीमुळे इथे एकही वर्ष वाचत नाही. अमेरिकेत दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठी साधारण १२ ते १८ महिन्यांचे वेगवान अभ्यासक्रम असतात. परदेशातल्या नात्यातल्या कुणाचं बघून आपल्याकडेही तसं असेल, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. बी.कॉम. असो की एम.ए., पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते, आणि शेजारच्या बाकावर अठरा वर्षांची मुलगी असते.

निम्मा निर्णय तुमच्या बारावीच्या गुणपत्रिकेनेच झालेला असतो, म्हणून ती काढून समोर ठेवा.

| | जीएनएम | बी.एस्सी. नर्सिंग |
|---|---|---|
| बारावी | कोणतीही शाखा, इंग्रजीसह किमान ४० टक्के | भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी, किमान ४५ टक्के (राखीव प्रवर्गाला सवलत) |
| कालावधी | ३ वर्षं, शेवटचे ६ महिने इंटर्नशिप | ४ वर्षं, ८ सत्रं, शेवटचं सत्र इंटर्नशिपचं |
| परीक्षा कोण घेतं | राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ | महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक |
| नोंदणी | महाराष्ट्र परिचर्या परिषद | महाराष्ट्र परिचर्या परिषद |
| पुढचं शिक्षण | २ वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी., मग एम.एस्सी. | १ वर्षाच्या अनुभवानंतर थेट एम.एस्सी. |

कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्यांना आहे त्या गुणपत्रिकेवर बी.एस्सी.चा रस्ता बंद आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून विज्ञान शाखेची बारावी पुन्हा देता येते आणि परिषद ती मान्यही करते, पण त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. वय तिसाच्या आत असेल आणि शिकवण्याच्या क्षेत्रात जायचं पक्कं असेल तरच तो खटाटोप करावा. एरवी सरळ जीएनएम घ्यावं.

एएनएमचं, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविका अभ्यासक्रमाचं, थोडक्यात. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि फक्त महिलांसाठी आहे. शिकून बाहेर पडलेली आरोग्यसेविका उपकेंद्रात काम करते. सपाट भागात साधारण ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं. लसीकरण, गरोदर मातांची नोंद, घरभेटी हे काम आवडत असेल आणि तालुका सोडायचा नसेल तर एएनएम उत्तम. अतिदक्षता विभागात जायचं स्वप्न असेल तर मात्र "आधी एएनएम करू, मग बघू" म्हणू नका. एएनएमवरून जीएनएमला जाताना वयाची अट नसते हे खरं, पण वर्षं दोन अधिक तीन अशी पाच होतात.

बारावी विज्ञानाची असेल तर दोन्ही दारं उघडी असतात, आणि कोणतं निवडायचं हे तुम्ही नर्सिंग का निवडता आहात यावर ठरतं. हा "का" मुलाखतीत विचारतात, सासरी-माहेरी विचारतात, आणि पहिल्या रात्रपाळीला तो स्वतःलाही पडतो. महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने प्रौढ आणि विधवा स्त्रियांना परिचारिकेचं शिक्षण मिळवून दिलं, ते त्या काळच्या समाजाचा रोष पत्करून. आयुष्याच्या मध्यावर या कामाकडे वळणाऱ्यांना आपल्याकडे अशी भक्कम परंपरा आहे, हे घरच्यांना जरूर सांगा.

"का"चं उत्तर सरकारी नोकरी असेल तर बेरीज-वजाबाकी मांडा. शासकीय रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेच्या पदाला जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही चालतात आणि वेतनश्रेणी एकच, ३५,४०० ते १,१२,४०० रुपये. (आरोग्यसेविकेची २५,५०० ते ८१,१००.) राज्याच्या नोकरीत भरतीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. तेहतिसाव्या वर्षी प्रवेश घेतला तर जीएनएम ३६ला संपतं आणि बी.एस्सी. ३७ला. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला एकीकडे दोन वर्षं मिळतात, दुसरीकडे एक, आणि भरती दरवर्षी निघतेच असं नाही. या हिशेबात आम्ही निःसंकोच जीएनएमच्या बाजूने आहोत.

एम्सचं गणित वेगळं आहे. तिथल्या नॉरसेट या परिचारिका भरतीच्या परीक्षेला बी.एस्सी. झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएमला ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव लागतो. पण तिथली सर्वसाधारण वयोमर्यादाच ३० आहे. नागपूरचं एम्स डोळ्यांसमोर ठेवून तिशीनंतर बी.एस्सी.ला जाणाऱ्यांनी आपल्या प्रवर्गाला मिळणारी सवलत धरूनही हे जमतं का, ते आधी बघावं.

"का"चं उत्तर शिकवणं असेल, किंवा एखाद्या शाखेत खोलवर जाणं असेल, तर बी.एस्सी. घ्या. जीएनएमनंतर पोस्ट बेसिक करूनही तिथे पोचता येतं, पण हातात पगार येऊ लागल्यावर पुन्हा दोन वर्षं पूर्णवेळ शिकायला बसणं चाळिशीत फार जड जातं. अनेकींचा हा बेत मुलांच्या दहावी-बारावीपुढे मागे पडतो.

परदेशाचं उत्तर असेल तर पदवीपेक्षा भाषेवर जास्त लक्ष द्या. ब्रिटनच्या नोंदणीसाठी आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ आणि लेखनात ६.५ लागतात, शिवाय संगणकावरची परीक्षा आणि तिथे गेल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा. जर्मनीला बी-२ पातळीची जर्मन लागते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून जर्मनीबद्दल विचारणा वाढली आहे. भाषेचा अभ्यास शेवटच्या वर्षात नव्हे, पहिल्याच वर्षात सुरू करा, म्हणजे नोंदणीनंतरचं रिकामं वर्ष टळतं.

खासगी रुग्णालयात तुलना निराळी होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली, की ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नयेत आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी पगाराइतकं द्यावं. ही शिफारस सगळीकडे पाळली जात नाही, आणि हा परिचारिकांवरचा उघड अन्याय आहे. म्हणून प्रवेशाआधीच आपल्या शहरातल्या तीन-चार रुग्णालयांत नव्या स्टाफला किती देतात ते विचारा. सध्याच्या पगाराशी तुलना करताना बुडणारं उत्पन्नही धरा. आज २५,००० मिळत असतील तर तीन वर्षांचे ९ लाख आणि चार वर्षांचे १२ लाख बुडतात. म्हणजे बी.एस्सी.चं चौथं वर्ष तुम्हाला ३ लाख अधिक त्या वर्षाची फी इतकं पडतं. खासगी महाविद्यालयाची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. कार्यालयात सांगितलेला आकडा तिच्याशी ताडून बघा.

आता अभ्यासक्रम सुरू झाल्यावर गाडी कुठे अडते ते बघू. वय वाढल्यामुळे पाठांतर जमत नाही ही भीती बहुतेकांना असते, पण खरी अडचण हजेरीची होते. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि प्रमाणपत्र मिळायच्या आधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के भरावी लागते. मूल तापाने फणफणलं म्हणून चार दिवस वॉर्डात गेला नाहीत, तर ते चार दिवस पुढे भरून द्यावेच लागतात. बी.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात आठवड्याला ४८ तासांची इंटर्नशिप असते, त्यात रात्रपाळ्याही येतात. घरात मुलांना बघायला कोण आहे, हे प्रवेशाच्या अर्जाआधी ठरवा. "होईल काहीतरी" यावर सोडलेलं इथे होत नाही. दूरस्थ किंवा सायंकाळचा असा नोंदणीला चालणारा जीएनएम वा बी.एस्सी. नाही. सहा महिन्यांत "नर्सिंग" शिकवतो म्हणणाऱ्या प्रमाणपत्रावर परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही. संस्थेचं नाव भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि राज्याच्या त्या वर्षीच्या मान्यता यादीत स्वतः शोधा. विद्यार्थी जिथे प्रात्यक्षिक करतात त्या संस्थेच्या मूळ रुग्णालयाच्या वॉर्डात एक चक्कर मारा. खाटा रिकाम्या असतील तर हात कशावर बसणार?

आधीच्या नोकरीचा उपयोग मात्र नक्की होतो, आणि तो मुलाखतीत सांगता यायला हवा. वॉर्डातली आकडेमोड साधी असते, पण चुकायची मुभा नसते. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं आणि नळीचा सेट २० थेंबांना १ मिलीचा, तर ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. इन्सुलिनचं बघा. आपल्याकडे मिलीला ४० युनिटची बाटलीही मिळते आणि १०० युनिटचीही. ४० साठीच्या सिरिंजचं टोपण लाल, १०० साठीचीचं नारिंगी. १०० युनिटच्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर आत अर्धा मिली येतं, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट. रुग्णाची साखर खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. दहा वर्षं रोकड मोजलेली किंवा औषधाच्या दुकानात बसलेली व्यक्ती बाटलीवरचा आकडा दोनदा वाचते, आणि ही सवय वर्गात शिकवून लवकर लागत नाही.

मुलाखतीची दोन उत्तरं शेजारी ठेवून बघा. पहिलं : "मला लहानपणापासून सेवेची आवड आहे." हे सगळेच म्हणतात, आणि पुढचा प्रश्न लगेच येतो, मग इतकी वर्षं काय केलंत? दुसरं : "सासूबाईंना तीन महिने राइल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीने भरवलं. भरवताना उशाकडची बाजू उंच का ठेवायची, नळी जागेवर आहे हे आधी का तपासायचं, हे सिस्टरांनी समजावलं. ते शिकून घेताना कळलं की मला हे काम रोज करायचं आहे. हिशेबाच्या नोकरीतली काटेकोर नोंद मी सोबत आणते आहे." यात कारण आहे, पाहिलेलं काम आहे, आणि आधीच्या वर्षांना जागा आहे. घरात असा अनुभव नसेल तर खोटा सांगू नका. त्याऐवजी ओळखीच्या परिचारिकेशी बोला. सकाळी आठला रात्रपाळीची सिस्टर पुढच्या पाळीला ओव्हर (रुग्णांची माहिती) कशी देते, एका पाळीत किती रुग्ण असतात, बेडपॅन आणि स्पंजिंगपासून किती काम हाताने करावं लागतं, ते विचारा. हे ऐकूनही मन मागे हटलं नाही, तर तेच तुमचं उत्तर.

पहिल्या उत्तरावर टिकणं अवघड का, तेही सांगायला हवं. पहिलं वर्षभर दुसऱ्या करिअरच्या विद्यार्थ्याला वयाने लहान सिनियर आणि स्टाफ कामं सांगतात. वॉर्डातल्या मावशींना अनुभव जास्त असतो आणि त्यांच्याकडून शिकावं लागतं. आधी हाताखाली चार माणसं असलेल्यांना हे टोचतं. कामाची नेमकी ओढ असेल तर ते महिना-दोन महिन्यांत विरतं. नुसत्या मोघम सेवाभावावर आलेल्यांचं मन तिथेच उठतं.

शेवटी कागदपत्रं, कारण लग्न झालेल्या स्त्रियांची फेरी इथेच चुकते. बारावी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, जातीचा दाखला तिसऱ्याच प्रकारे. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत, शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र, शेवटच्या महाविद्यालयाचा दाखला, अधिवास, आणि लागू असेल तर जातवैधता आणि नॉन-क्रिमिलेअर हे सगळं प्रवेशाच्या चार-सहा महिने आधी गोळा करा. जातवैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो. कोणतं नाव लावायचं ते एकदाच ठरवा. प्रवेशअर्जावरचं नावच पुढे गुणपत्रिकेवर आणि परिषदेच्या नोंदणीत जातं, आणि पासपोर्टवर वेगळं नाव असेल तर परदेशी नोंदणीची पडताळणी तिथेच अडून बसते.