एकाच सेटवरचे दोन 'ड्रॅक्युला'

१९३१चा 'ड्रॅक्युला' म्हटलं की बेला लुगोसीच डोळ्यांपुढे येतो. पण दिवसाचं शूटिंग आटोपलं की युनिव्हर्सल स्टुडिओच्या त्याच सेटवर रात्री दुसरं युनिट यायचं आणि तीच कथा स्पॅनिशमध्ये चित्रित करायचं. डबिंग तेव्हा बाल्यावस्थेत होतं. लॅटिन अमेरिका आणि स्पेनचा प्रेक्षक हातचा जाऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप. (आपल्याकडे पुढच्याच वर्षी 'प्रभात'ने 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदीत काढला.)

कॅमेऱ्याच्या बाबतीत स्पॅनिश आवृत्ती सरळसरळ उजवी. किल्ल्याच्या जिन्यावर काउंट ड्रॅक्युला भेटतो तो प्रसंग पाहा. स्पॅनिशचा दिग्दर्शक जॉर्ज मेलफर्डचा कॅमेरा पायऱ्यांवरून सरसर वर त्याच्याकडे झेपावतो आणि अंगावर काटा येतो. टॉड ब्राउनिंगच्या इंग्रजी चित्रपटात ही झेप नाही. रात्रीच्या मंडळींना दिवसाचं चित्रण पाहायला मिळायचं, त्याचा त्यांनी पुरेपूर फायदा उठवला. नायिका म्हणून लुपिता तोवारची एव्हाही इंग्रजीतल्या हेलन चँडलरच्या मीनापेक्षा कितीतरी जिवंत वाटते.

काउंट मात्र लुगोसीचाच. तो एकेक शब्द थांबून, तोलून बोलतो आणि नुसत्या उभं राहण्यातून जरब बसवतो. स्पॅनिशमधला काउंट, कार्लोस व्हियारियास, डोळे वटारतो, दात दाखवतो. भीती तेवढी वाटत नाही.

लांबीतही फरक आहे: इंग्रजी सुमारे ७५ मिनिटं, स्पॅनिश जवळपास १०४. मधला भाग रेंगाळतो, हे खरं. तरीही एकच पाहायचा असेल तर मी स्पॅनिशच सुचवेन.